बिनटपाची लाल गाडी

साठी आली की माणसं गुडघ्यांना तेल लावतात, नाहीतर पहाटे फिरायला जाऊन दुसऱ्यांना आरोग्यावर उपदेश करतात. आमच्या ह्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी टप नसलेली गाडी घेतली.

अगदीच नाही असं नाही. काळ्या कापडाचा टप आहे. बटण दाबलं की तो घडी होत होत मागे जाऊन बसतो आणि गाडी उघडी पडते. सीटा दोनच. रंग लाल. उंची इतकी कमी की आमच्या खामगावातल्या स्पीडब्रेकरवरून ती सरळ जातच नाही. तिला तिरकी करून, आधी एक चाक मग दुसरं, असं म्हशीला पायरी उतरवावी तसं उतरवावं लागतं. वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्यावर हे पुण्याला गेले आणि कोणीतरी वापरून कंटाळून विकलेली ही गाडी चालवत घेऊन आले. गल्लीतले लोक बघायला जमले. समोरचे गुरुजी तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "गाडी बेस हाये साहेब, पण टप कधी बसवता?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. रोज माझ्या छोट्या पांढऱ्या गाडीने खड्ड्यांतून शाळेत जाते. त्या गाडीला टप आहे, चार दारं आहेत आणि मागच्या सीटवर पोषण आहाराच्या डाळीचं पोतंही बसतं. तेव्हा या लाल गाडीबद्दल मला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ह्यांचे वडील इथल्याच कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे. घरात पहिली सायकल आली तेव्हा हे कॉलेजात होते. त्यामुळे गाडीची हौस मी समजू शकत होते. पण हौसेलाही टप असावा, असं माझं मत होतं आणि ते मी दिवसातून दोनदा तरी ऐकवत होते.

ट्रॅकची भानगड मुलीमुळे आली. ती बेंगळुरूला असते. तिने कुठेतरी वाचलं की शहरातला एक गाड्यांचा क्लब आपल्याच जिल्ह्यात 'ट्रॅक डे' भरवतोय. आपापली गाडी घेऊन यायचं, बंद रस्त्यावर हवी तेवढी जोरात पळवायची आणि घरी जायचं. तिने बापाच्या वाढदिवसाला त्याचं बुकिंगच करून टाकलं.

जागा म्हणाल तर बुलढाण्याच्या पुढे, धाडच्या रस्त्याला आत एक माळ आहे, तिथली. तिथे कधीकाळी उद्योगवसाहत होणार होती. मंत्री आले, नारळ फुटला, काळेभोर गुळगुळीत रस्ते झाले, गोल चौक झाले, पथदिव्यांचे खांबही उभे राहिले. फक्त उद्योग आले नाहीत. आमच्या जिल्ह्यात जिथे लोक राहतात तिथे रस्ता नाही आणि जिथे कुत्रं राहत नाही तिथे चौपदरी. त्या रिकाम्या रस्त्यांवर आता श्रीमंतांच्या गाड्या पळणार होत्या. निदान कोणाच्या तरी उपयोगाला आले म्हणायचे.

"मी नाही येत," मी सांगितलं.

"अवं, दुसरी सीट रिकामी घेऊन जाऊ काय?"

"पोतं ठेवा."

आदल्या दिवशी ह्यांनी गाडी तीनदा पुसली. शेजाऱ्याला बोलावून टप उघडून दाखवला, मिटून दाखवला. साठ वर्षांचा माणूस नवे बूट पलंगाखाली ठेवून झोपलेला पाहिला आणि मी सकाळी मुकाट्याने पोळ्या लाटल्या, चटणी-भाजीचा डबा भरला, डोक्याला रुमाल बांधला.

जानेवारी होता. टप उघडाच ठेवायचा असा हुकूम होता. खामगाव सोडेपर्यंत कपाशीच्या ट्रॉल्यांमधून उडालेला कापूस आमच्या मांडीवर येऊन पडत होता. समोरच्या एसटीतले लोक मागच्या काचेतून आमच्याकडे बघत होते, आणि एका बाईने तर बोट करून आपल्या नातवाला आमची जोडी दाखवली. उघड्या गाडीत बसल्यावर एक गोष्ट कळते. आपण जग बघत नसतो, जग आपल्याला बघत असतं. ह्यांना तेच हवं होतं. हे काळा चष्मा लावून, मान ताठ ठेवून, रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा स्वतःच्या मणक्यावर घेत निघाले होते.

बोथ्याच्या घाटात वानरांनी अडवलं. तिथे लोक त्यांना केळी-बिस्किटं घालतात, त्यामुळे गाडी हळू झाली की ती हक्काने येतात. बंद गाडीच्या काचेवर टकटक करतात. आमच्या गाडीला काच वर केली तरी वरून सगळं मोकळं. एक मोठं वानर डिकीवर चढलं, शांतपणे माझ्या खांद्यावरून हात घातला आणि मांडीवरचा डबा घेऊन गेलं. हिसकावला नाही हो, घेतला. माझ्या सासूबाई हातातून लाटणं घ्यायच्या तसा.

"टप लावा! टप लावा!" मी ओरडले.

"थांब नं, चालत्या गाडीत तो लागत नाही."

"मग उभी करा."

"उभी केली तं आणखी चढतीन नं बाप्पा!"

टप लागला नाही. कठड्यावर बसून ते वानर माझ्या पोळ्या खात होतं आणि आम्ही उपाशी पुढे निघालो.

माळावर पोचलो तर तिथे जत्राच. पांढरे तंबू, कॉफीचं यंत्र, कानठळ्या बसवणारी गाणी, डोक्यावर भुणभुण करणारा ड्रोन. निम्म्या गाड्या तर ट्रकवर बसून आल्या होत्या. पळवायला आणलेली गाडी इथपर्यंत पळवायची नाही, ही अक्कल मला त्या दिवशी नव्यानेच कळली. मंडळी सगळी एका साच्यातली. अंगाला घट्ट टीशर्ट, हातात बोटं कापलेले मोजे, तोंडात इंग्रजी. आणि आमचे हे इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, खिशाला पेन लावून. घरापासून "जाऊन राह्यलो", "येऊन राह्यलो" करत आलेला हा माणूस गाडीतून उतरल्याबरोबर "आम्ही खामगावहून आलेलो आहोत" असं रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागला. ते ऐकून मला कानकोंडं झालं.

आमच्या शेजारी एक पिवळी गाडी होती. तिचे मालक अकोल्याकडचे डॉक्टर. पन्नाशीचे, गोरे, हसरे. ते आमच्या गाडीकडे बघत आले, बॉनेटवर हात ठेवला आणि ह्यांना विचारलं, "मस्त गाडी आहे. मालक कुठे आहेत?"

हे म्हणाले, "मीच."

"अच्छा, अच्छा! वा! काय करता आपण?"

ह्यांनी सांगितलं.

"वा! आणि नाव काय म्हणालात?"

ह्यांनी नाव सांगितलं.

"नाही, पूर्ण नाव?"

ह्यांनी आडनावही सांगितलं. डॉक्टरांच्या तोंडून आणखी एक 'अच्छा' निघाला. पहिल्यापेक्षा थोडा लांब, थोडा खाली उतरणारा. तो 'अच्छा' मी आयुष्यभर ऐकत आले आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकला, भाड्याने घर बघताना ऐकला, मुलीच्या शाळेत ऐकला. त्याच्यात शिवी नसते, त्यामुळे भांडताही येत नाही. डॉक्टर नंतरही हसूनच बोलले, पण बॉनेटवरचा हात त्यांनी काढून घेतला.

सकाळपासून मी त्या गाडीला आणि गाडीवाल्याला मनातल्या मनात आणि मोठ्याने नावं ठेवत होते. पण ती माझी नावं होती. दुसऱ्या कोणी ठेवायची नाहीत.

मग सगळ्यांना गोल उभं करून एका तरुण पोराने सूचना दिल्या. क्लबचा कर्ताधर्ता तोच. चष्मा डोळ्यांवर नव्हता, डोक्यावर होता. अर्धा तास तो इंग्रजीत बोलला. त्याचं सार मी चौथीच्या वर्गाला एका ओळीत सांगितलं असतं: वळणाआधी ब्रेक मारा, वळणाच्या पोटाला चिकटून जा, बाहेर पडताना पळवा, लाल झेंडा दिसला की थांबा.

त्यानंतर गाड्यांची तपासणी. ब्रेक पाहिले, टायर पाहिले, आणि आमच्या गाडीपाशी आल्यावर तो पोरगा म्हणाला, "ओपन कार आहे, स्टिक टेस्ट घ्यावी लागेल." म्हणजे काय, तर झाडूची दांडी. खरंच झाडूची. तंबू झाडायचा झाडू आणून त्यांनी त्याची दांडी उपसली. ड्रायव्हरने क्लबचं हेल्मेट घालून बसायचं. समोरच्या काचेची वरची कड आणि सीटमागची लोखंडी कमान यांच्यावर ती दांडी आडवी ठेवायची. डोकं दांडीच्या खाली राहिलं तर पास. वर आलं तर नापास, कारण गाडी उलटली तर जमिनीला आधी डोकं लागणार.

हे उंच आहेत. लग्नात माझ्या मावशांनी याच उंचीचं कौतुक केलं होतं. हेल्मेट घालून बसले, दांडी ठेवली, तर ती हेल्मेटवरच टेकली आणि मागची बाजू कमानीपासून चार बोटं अधांतरी राहिली.

"काका, जरा खाली सरका."

हे सरकले. आणखी सरकले. गुडघे स्टेअरिंगच्या दोन बाजूंनी वर आले, हनुवटी छातीत गेली, समोरचं काही दिसेना. दांडी तरी अधांतरीच. आजूबाजूला माणसं जमली. कोणीतरी मोबाइल काढला. डॉक्टर हसरे होते, ते हसलेच.

"टप लावून चालवतो की," हे म्हणाले.

"कापडाचा टप डोकं वाचवत नाही, काका. नियम म्हणजे नियम."

नियम बरोबर होता. मला त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तो पोरगा मग सगळ्यांकडे बघत म्हणाला, "काका, तुम्ही मस्तपैकी कॉफी घ्या, गाडीसोबत फोटो काढा. गाडी फोटोसाठीच चांगली आहे." आणि लोक हसले. आमचे हेही हसले. त्या हसण्याला हसणं म्हणावं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. हेल्मेट काढताना त्यांचा चष्मा निघून पडला आणि तो उचलायला हे वाकले, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"मी चालवते," मी म्हणाले.

"तुम्ही, आंटी?"

"लायसन आहे. आंटी तुमच्या घरी."

हेल्मेट घातलं. त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास येत होता. दांडी ठेवली. ती दांडी आणि माझं डोकं यांच्यामध्ये, सकाळी वानराने नेला तो डबा आरामात बसला असता. बुटकेपणाचा मला जन्मात पहिल्यांदा फायदा झाला.

हे दारापाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "क्लच कडक हाये. जोरात दाबजो. अन् भेऊ नको."

"मी कायले भेऊ? तुमच्या गाडीनं भ्यावं मले."

पहिल्याच फटक्यात गाडी बंद पडली. मागून हॉर्न. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा मी शाळेच्या वाटेवरच्या चढावर सोडते तसा क्लच सोडला आणि गाडी निघाली.

मी काही कमाल केली नाही, हे आधीच सांगते. सगळे माझ्यापुढे गेले. निळी गेली, हिरवी गेली, पिवळी तर दोनदा गेली आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी हात हलवला. वळणाच्या पोटाला चिकटायच्या नादात मी नारिंगी शंकू आडवे केले. पण तो लांब सरळ रस्ता, ज्याच्या दोन्ही बाजूंना दिवे नसलेले खांब उभे होते, तिथे मी एकदा पाय दाबला. नुसता दाबला. गाडीने मागून ढकलल्यासारखं केलं आणि थंडगार वारा हेल्मेटच्या फटीतून शिट्टी वाजवत आत आला. मला हसू फुटलं. हेल्मेटच्या आत, एकटीच, मोठ्याने. आणि हसू आलं याचा लगेच रागही आला, कारण घरी जाऊन आता मी बोलणार काय?

पुढच्या फेरीला त्याच रस्त्यावर बकऱ्या आल्या.

कुंपणाच्या फटीतून एक बाई आपला कळप घेऊन निवांत रस्ता ओलांडत होती. लाल झेंडे फडफडले. मी हळू चालले होते, त्यामुळे मला नुसता ब्रेक दाबावा लागला. पिवळी गाडी मात्र माझ्या मागून सुसाट आली, झेंडा तिला उशिरा दिसला. करकचून ब्रेक मारला, गाडी गर्रकन फिरली, रस्ता सोडून बाजूच्या बाभळीत घुसली आणि थांबली. कोणाला काही झालं नाही. बकऱ्यांनी तर मानही वळवली नाही.

तो चष्मेवाला पोरगा धावत आला. "ए बाई! दिसत नाही का? इथे इव्हेंट चालू आहे!"

बाईने पदर खोचला. "हा रस्ता माह्या बकऱ्यायचा हाये. रोजचा हाये. तुमचा कव्हापासून झाला?"

"सिक्युरिटी! सिक्युरिटी कुठे आहे?"

सिक्युरिटी म्हणून त्यांनी शिट्टी आणि टोपी देऊन ज्याला उभं केलं होतं, तो त्या बाईचा दीर निघाला. फट त्यानेच मोकळी करून दिली होती. "वैनी, जरा लवकर काढून घ्या," असं म्हणून तो तिच्या बकऱ्या हाकू लागला. मी स्टेअरिंगवर डोकं टेकून हसले. बाभळीतल्या डॉक्टरांकडे बघूनही हसले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

तो फार टिकला नाही. गाडी तंबूपाशी लावून उतरले, तर आमचे हे दिसेनात. शोधत गेले तर हे बाभळीपाशी. शर्टाच्या बाह्या वर, खिशातलं पेन जमिनीवर, आणि हे उताणे त्या पिवळ्या गाडीखाली. दोन टायरांत काटे गेले होते, खालचा एक पत्रा सुटला होता, आणि असल्या गाडीला जादा चाक नसतं. क्लबची पोरं मोबाइलवर कोणाला तरी फोन लावत उभी होती. हे खालून डॉक्टरांना पाना मागत होते, आणि डॉक्टर चुकीचा पाना देत होते.

"हा नाही. त्याच्यापेक्षा लहान. हाव, तो."

ऊन चढलं, उतरायला लागलं. ह्यांनी काटे काढले, गाडीतल्या पंक्चरच्या सामानाने छिद्रं बुजवली, पत्रा तारेने बांधला. गाडीखालून निघाले तेव्हा केसांपासून बुटांपर्यंत पांढरी धूळ होती आणि चेहरा असा, जसा सकाळी असायला हवा होता. डॉक्टर पुन्हा पुन्हा आभार मानत होते. "साहेब, अकोल्याला आलात की घरी या, नक्की या." हे हो म्हणाले.

परत निघालो. आता टप लावलेला होता. बुलढाणा मागे पडेपर्यंत मी दम धरला, मग विचारलंच.

"काऊन गेलते त्याच्या गाडीखाली? सकाळी त्यानं काय विचारलं ते इसरले?"

"नाही."

"हसला तो तुमच्यावर. सगळ्यायच्या देखत."

हे रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "गाडीचं काय चुकलं त्याच्यात? गाडी लय चांगली हाये त्याची."

मी खिडकीबाहेर बघत बसले. या माणसाला राग येत नाही, असं मला तीस वर्षं वाटत होतं. येतो. तो राग हे कुठेतरी नट घट्ट करून टाकत असावेत.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "सरळ रस्त्यावर कितीवर नेली होती?"

"पाह्यलं नाही."

"अवं, काटा समोरच हाये."

"रस्ता पाहू का काटा पाहू?"

"पण कशी वाटली?"

मी म्हणाले, "भूक लागली." हे मनापासून हसले आणि पुढच्या हॉटेलवर त्यांनी गाडी थांबवली. कचोरी खाल्ली, चहा प्यालो. हॉटेलवाला बाहेर येऊन गाडी बघून गेला.

आता गावात कोणी विचारलं की हे सांगतात, "आम्ही गेलतो तिकडे. मस्त पळवली आम्ही." ते 'आम्ही' ऐकून मी आत स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवते, पण दुरुस्ती करत नाही. डॉक्टरांचा फोन दोनदा येऊन गेला. एकदा मीच उचलला. त्यांनी मला ताई म्हटलं. मी फार गोड बोलले नाही.

क्लबवाले पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येणार आहेत म्हणे, त्याच माळावर, कारण उद्योग अजूनही आलेले नाहीत. मी येणार नाही, असं मी ह्यांना स्पष्ट सांगून ठेवलं आहे. त्यांनी ते ऐकल्यासारखं केलेलं नाही. आणि मीही ते फार जोरात सांगितलेलं नाही.